अर्धा 'स'

गुऱ्हाळं पेटली की तौफिकभाईंचा निरोप येतो. पूर्वी फोन यायचा, आता मोबाइलवर लिहून येतं. मजकूर तोच. "भाभी, मे कुठंय?" आम्ही एका वर्षाचे बारा लेख ठरवले होते, त्यातले अकरा त्यांना मिळाले, काही वेळेवर, काही रडतखडत, वर्ष उलटून गेल्यावर. मेचा मिळालेला नाही. दुसरा कुणी असता तर नाद सोडला असता, पण शिरूरच्या एसटी स्टँडसमोर ज्याने उभं आयुष्य काढलं त्याला वाट बघण्याचं काही वाटत नाही.

यंदा निरोप आला तेव्हा मी केडगावला रेल्वेतून उतरले होते आणि राहूकडे, माझ्या माहेरगावी, जाणारी जीप भरायची वाट बघत होते. वारा नदीकडून येत होता. त्यात तो वास होता, रस आटत आला की येतो तो, गोड आणि शेवटी शेवटी जरा करपट. जीपमधल्या बाया म्हणाल्या, काय वास सुटलाय, भूक लागली. माझ्या पोटात गोळा आला. दर हिवाळ्यात येतो. इतकी वर्षं झाली तरी माझ्या नाकाला कुणी सांगितलेलंच नाही की ते सगळं संपलं.

मी जात्याच भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पालीला भिते, फोन अवेळी वाजला तर भिते, वाजायचा तेव्हा वाजला नाही तरी भिते. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," असं आई मला म्हणायची, आणि स्वतः मात्र अंधार पडल्यावर सापाला साप म्हणायची नाही, लांबडं म्हणायची. आमच्या घरातली ती रीत मेंढरांच्या दिवसांतली. आजोबा कळप घेऊन हिंडायचे तेव्हा मुक्कामावर लांडग्याचं नाव घ्यायचं नाही असा दंडक होता. नाव घेतलं की येतो. पुढे आजोबांनी मेंढरं विकली, राहूच्या नदीकाठच्या मळीत ऊस लावला, लांडगे कुठे गेले कुणास ठाऊक, पण नाव न घेण्याची रीत घरात राहिली. तिन्हीसांजेला कुणी वाईटसाईट बोललं की आई लगेच म्हणायची, "शुभ बोल. वास्तू तथास्तु म्हणती." लहानपणी मला वाटायचं, तथास्तु म्हणायला कुणीतरी माळ्यावर कायमचं बसलेलं आहे आणि त्याला दुसरं काही कामच नाही.

अशा घरातली मी लग्न होऊन शिरूरला गेले आणि लोकांना घाबरवायचा खेळ खेळायला लागले.

आमचे हे तेव्हा रांजणगावच्या एका कारखान्यात होते. मशीन बसवायला आलेला कुणी परदेशी इंजिनिअर परत जाताना एक जाडजूड पुस्तक तिथंच टाकून गेला. ह्यांनी ते घरी आणलं, कारण फुकट मिळालेलं जाड पुस्तक टाकून देणं ह्यांच्या स्वभावात नाही. पुस्तकात एक खेळ होता. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. सगळ्यांनी गोल बसायचं, प्रत्येकाने मनातला एकेक माणूस व्हायचं, आणि एकाने सूत्रधार होऊन सांगायचं: तुम्ही एका गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आत काहीतरी हलतंय, आता काय करता? ज्याला जे करायचं ते त्याने बोलून दाखवायचं. जमलं की फसलं, ते फाशावर. पुस्तकातला फासा वीस बाजूंचा होता, तो शिरूरला, घोडनदीच्या बाजारात, कुठे मिळायचा? आम्ही तांबोल्याचे एक ते वीस आकडे खोबरेल तेलाच्या रिकाम्या डब्यात घालून खुळखुळवायचो. मोठा आकडा निघाला की काम फत्ते. पुस्तकात म्हटलं होतं, टेबलाभोवती बसा. आम्ही चटईवर बसायचो.

मी शाळेत मराठी शिकवत होते, न थांबता बोलायची सवय होती, म्हणून सूत्रधार मी. हे खेळात वैदू व्हायचे, झोळीत कायम कसली तरी मुळी. तौफिकभाई चोर व्हायचे. स्टँडसमोर त्यांचा इंटरनेट कॅफे होता, दिवसभर लोकांचे निकाल आणि अर्ज काढून देऊन कंटाळलेला हा माणूस आमच्या चटईवर बसला की उंदऱ्या नावाचा भित्रा चोर व्हायचा आणि कुठल्याही दाराला हात लावायच्या आधी "याला बिजागरी कुठल्या बाजूला हाय?" असं विचारायचा. आम्ही हसून बेजार व्हायचो.

खेळाचा एकच पक्का नियम होता. बोललं की झालं. तुम्ही म्हणालात "मी दार उघडलं," की दार उघडलं. मागे घेता येत नाही, खोडता येत नाही. फार तर पुढच्याने त्यात काही जोडावं. एक म्हणाला "मी पुलावरून उडी टाकली," तर पुढचा म्हणू शकतो "खाली कडब्याची गंजी होती." उडी मात्र पडलेली असते.

एका संध्याकाळी उंदऱ्या मेला. तौफिकभाई म्हणाले, "मी दार ढकलतो," आणि लगेच म्हणाले, "नाही भाभी, थांबा, मी नुसता मोठ्यानं विचार करत होतो." मी म्हटलं, "बोललात ना?" "बोललो." "मग झालं." डब्यातून एक आला. खेळातलं माणूस, कागदावरचं सुद्धा नाही, पण तौफिकभाई चहा न घेता घरी गेले.

त्याच महिन्यात माझं पोटातलं बाळ गेलं. सहावा सरत आला होता. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणीही शहाणं माणूस म्हणेल. मीही म्हणत होते. तिघांपैकी कुणी ते तोंडाने बोललं नाही. फक्त तेलाचा डबा माळ्यावर गेला आणि पुन्हा कुणी खाली काढला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा दिवस राहिले. या खेपेला केडगावच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यापासूनच सांगितलं, उठायचं नाही, नैसर्गिक विधीपुरतं तेवढं. म्हणून हिवाळ्याच्या तोंडाला मी माहेरी आले, राहूला, ती आडवी होण्यासाठीच. माझ्या खाटेच्या पायथ्याच्या दोन्ही खुरांखाली विटा घातल्या. पाय वर, डोकं खाली. त्या उतारावर मी सगळा हिवाळा पडून होते. समोर भिंत, भिंतीवर खिळा, खिळ्याला कॅलेंडर. डावीकडे खिडकी, खिडकीतून आमचं गुऱ्हाळ. आप्पा, माझे वडील, दिवसभर तिकडेच असायचे. चरकाचं इंजिन सकाळी सुरू झालं की त्याचा ठोका खाटेतून माझ्या पाठीत यायचा.

गावाला सांगितलेलं होतं की माझी पाठ धरलीय. आईचाच बेत. नजर लागू नये म्हणून पोटाचं नाव घ्यायचं नाही. मग बाया यायच्या, कुणी तीळतेल आणायची, कुणी निरगुडीचा पाला, आणि मी चादर गळ्यापर्यंत ओढून पाठीच्या दुखण्याचं वर्णन करायचे. आई शेजारी बसून मान हलवायची. "लई कळ निघती बघा," ती म्हणायची, इतकं खरं की मला खरंच कळ यायची. गुऱ्हाळावरचा गुळव्या उत्तर प्रदेशातला म्हातारा होता. तो काहिलीतला गरम गूळ पानावर घालून पाठवायचा. "बिटिया के लिए." आई तो हसून घ्यायची आणि परसात नेऊन म्हशीला घालायची, कारण गूळ उष्ण. दिवसभर तो वास नाकात, आणि एक खडा जिभेवर नाही.

भीती कशाची होती ते वेगळं सांगायला नको. पण कशी होती ते सांगते. मोरीत गेले की खाली बघायचं धाडस व्हायचं नाही आणि न बघता बाहेर यायचं धाडस त्याहून नाही. पोटात हललं नाही तर जीव घाबरा. हललं तर वाटायचं, आज जास्तच हललं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझा वैरी बिचारा उगाच बदनाम. घरात पुढच्या आठवड्याचं कुणी बोलत नव्हतं. झबलं शिवलं नव्हतं, पाळण्याचा विषय नव्हता, डोहाळजेवणाचं नाव काढलं तेव्हा आईने मावशीला डोळ्यांनी गप्प केलं. आम्ही सगळे आजच्या दिवसात बसून होतो आणि कुणी हलत नव्हतं.

अशात तौफिकभाईंचा फोन आला. फोनला लांब वायर होती, आईने तो खाटेवर आणून दिला.

"भाभी, पडून पडून काय करताय?"

"भिंत बघतेय."

"त्यापेक्षा लिहा. आपल्या खेळावर. कसा खेळायचा, कसा सांगायचा. मराठीत कुणी लिहिलेलंच न्हाई. मी टाकतो इंटरनेटवर. दर महिन्याला एक."

"वाचणार कोण?"

"ते माझ्यावर सोडा. पण आधी वर्षाचं ठरवा. बारा महिन्यांचे बारा विषय. न्हाईतर तुम्ही एक लिहाल आन् बसाल."

"बसायची बंदी आहे मला, झोपलेलीच असते," मी म्हटलं. ते हसले, मीही हसले, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं. वर्षाचं ठरवायचं म्हणजे वर्ष येणार असं धरून चालायचं. ज्या घरात झबलं शिवत नाहीत तिथं मी डिसेंबर महिन्याचं काय ठरवू?

पण तौफिकभाईंना 'नाही' म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी आईकडे कागद मागितला. आई म्हणाली, "पडून लिवताना कागद हालतो. ह्ये घे, ह्याला पुठ्ठा हाय," आणि नव्या वर्षाचं नुकतंच आणलेलं कॅलेंडर हातात दिलं. प्रत्येक पानाच्या तळाशी एक रिकामी चौकट होती. मी पेन्सिलीने लिहायला लागले. जानेवारीत माणूस, म्हणजे खेळात कोण व्हायचं ते कसं ठरवावं. फेब्रुवारीत नकाशा. मार्चमध्ये भीती, एप्रिलमध्ये दार, आणि मग पुढचे, एकातून एक निघत गेले. दुपार कशी गेली कळलं नाही.

आई पायाशी तांदूळ निवडत होती. तिने खेळ समजावून घेतला.

"आन् ह्यात जिंकतं कोण?"

"कुणी नाही."

"मंग हरतं कोण?"

"कुणीच नाही. चालू राहतं."

"मंग ह्यो खेळ कसला? ह्यो तर परपंच झाला." थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, "आन् चुकून भलतं बोललं तर?"

"तर झालं ते झालं. खोडायचं नाही. जोडायचं."

"व्हय? जोडता येतं न्हवं? मंग बरं हाय."

आई चौथी शिकलेली. वाचायची सगळं, पण जोडाक्षर आलं की थांबायची. स्वतः लिहिताना तर ती जोडाक्षराच्या वाटेलाच जायची नाही, कृष्णामावशीला कार्ड धाडायची ते 'किसना' म्हणून. माझी अक्षरं बघून म्हणाली, "ही जोडाक्षरं कशाला गं लिवतीस, दातात अडकत्यात." मग कॅलेंडर घेऊन गेली आणि खिळ्याला अडकवलं. मी दमून डोळे मिटले.

गुऱ्हाळाचं इंजिन बंद झालं तेव्हा जाग आली. रोज बंद व्हायचं, पण त्या दिवशी शांतता एकदम अंगावर आली, आणि त्या शांततेत मला कळलं मी काय लिहिलंय. खेळ शिकवायच्या क्रमाने गेलं तर दारानंतर एकच गोष्ट येते, उंदऱ्याच्या बाबतीतही तीच आली होती: खेळातलं माणूस मेलं तर सूत्रधाराने काय करावं. मेच्या चौकटीत मी एकच शब्द लिहिला होता. मरण.

डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख मेमधली होती.

हे मला लिहिताना सुचलं नाही, यावर आजही कुणाचा विश्वास बसणार नाही. पण कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी पोट विसरले होते. तेवढ्यात तथास्तुवाल्याने कान दिला असणार. शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली, तसली गत.

खोडरबर उशाशी होता. कॅलेंडर हाताच्या अंतरावर नव्हतं. उठायचं तर बंदी, आणि त्या शब्दासाठी उठले आणि उठण्यानेच काही झालं तर? मी दुसऱ्या दिवशी आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हटलं, "आई, ते कॅलेंडर जरा दे गं." आई म्हणाली, "कशाला?" "बघायचं होतं." "महिना सरू दे. फुडचं पान आधी बघू न्हाई." आणि बाहेर निघून गेली. मी आणखी दोनदा मागितलं. एकदा तिला ऐकूच आलं नाही, एकदा चुलीवर दूध होतं. आईचा हट्ट मला ठाऊक होता, मी मागायचं सोडलं. ह्यांना सांगावं म्हटलं. ते सुट्टीला मोटारसायकलवर यायचे, न्हावरा-पारगाव करत, अंगभर धूळ घेऊन. मी म्हटलं, "हे कॅलेंडर तुम्ही शिरूरला घेऊन जा." ते म्हणाले, "का, या कॅलेंडरनं काय केलं?" सांगायचं तर तो शब्द तोंडाने म्हणावा लागणार होता. मी म्हटलं, काही नाही, चित्र आवडलं होतं. त्यांनी चित्र बघितलं. खताच्या पोत्यांची जाहिरात होती.

मग मी लिहीत राहिले. तेवढंच हातात होतं. माझ्या मनाने घेतलं की पहिले चार महिने प्रामाणिकपणे भरले तर मे नुसता मेसारखा येईल. जानेवारीचा लेख ह्यांनी खिशात घालून नेला. तौफिकभाईंचा फोन आला की कॉम्प्युटरवर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतात, मग त्यांनी माझ्या हस्ताक्षराचेच फोटो करून टाकले. फेब्रुवारीत मी नकाशावर लिहिलं आणि आमच्या उसातून नदीकडे जाणारी पायवाट काढून दाखवली. पान उलटलं. शब्द एका पानाने जवळ आला. मला तो तिथून दिसायचा नाही, वर पानं होती, पण मला माहीत होतं तो चौकटीत कुठे बसलाय, 'म'ची गाठ कशी आलीय. बाहेर पाचट जळायचं, संध्याकाळी धूर घरात यायचा, आई ऊद घालायची, आणि मी त्या धुरातून कॅलेंडरकडे बघत राहायचे.

मार्चचा लेख भीतीवर होता. तो लिहायला मला काही आठवावं लागलं नाही. घाबरवायचं असेल तर दाखवू नका, असं मी लिहिलं. वाघ समोर आणला की माणूस काठी शोधतो. त्यापेक्षा उसात काहीतरी हललं एवढंच सांगा, आणि गप्प बसा. वारा नव्हता, हे मागाहून सांगा. कुठल्याशा देशात राहणाऱ्या एका मराठी माणसाने तौफिकभाईंना कळवलं की लेख वाचून तो घरातले दिवे लावून बसला. तौफिकभाई खूश. "भाभी, हिट. मेला काय हाय?" मी म्हटलं, बघू.

एप्रिल सरायला आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खाटेखालच्या विटा काढायला सांगितल्या. घरातल्या घरात चाला म्हणाल्या. पाय जमिनीला लागले तर जमीनच उतरती वाटायला लागली. गुऱ्हाळ कधीच बंद झालं होतं, गुळव्या आपल्या मुलखाला गेला होता, काहिल पालथी घातलेली. खिडकीतून रखरखीत ऊन. इंजिनाचा ठोका नव्हता, त्यामुळे पोटातला ठोका मोठा झाल्यासारखा वाटायचा आणि कधी कधी तो चुकल्यासारखा वाटायचा.

महिना पुरता संपल्याशिवाय आई पान उलटायची नाही. एक तारखेला सकाळी तिने पान उलटलं आणि अंगणात जाऊन खाटेवर शेवया वाळत घालायला लागली. मी भिंत धरून उठले. खोली काही फार मोठी नव्हती. पण अर्ध्यात थांबले. उंदऱ्यासारखं मलाही विचारावंसं वाटलं, याला बिजागरी कुठल्या बाजूला हाय. वाटत होतं की बघितलं नाही तर कदाचित अजून टळेल. मग वाटलं, पान उलटलं आहे. झालं ते झालं. गेले.

चौकटीत माझी पेन्सिल होती, जराशी पुसट झालेली. तिच्या डाव्या बाजूला निळ्या बॉलपेनने काहीतरी डकवल्यासारखं लिहिलेलं होतं. पहिल्यांदा मला तो 'र' वाटला, नीट न जमलेला. मग लक्षात आलं की त्याची आडवी रेघ ओढत आणून माझ्या 'म'ला चिकटवलीय. दोनदा गिरवलेली, कागद दबलेला. अर्धा 'स'.

स्मरण.

दुधाची नोंद करायचं पेन कॅलेंडरच्याच खिळ्याला सुतळीने बांधलेलं असायचं. त्यातलं निळं संक्रांतीलाच संपलं होतं, तेव्हापासून घरात काळं होतं, म्हणजे हे त्याआधीचं. मी दारात जाऊन उभी राहिले.

"आई, हे कधी केलंस?"

आई शेवया विसकटत होती. वर न बघता म्हणाली, "टांगाया दिलंस तवाच. पानं चाळली, म्हणलं पोरगी काय लिवती बघावं."

"तेव्हापासून बोलली नाहीस?"

"बोलायचं काय त्यात?"

"आणि मी मागितलं तेव्हा दिलं नाहीस."

"तुला पुन्यांदा दिसलं असतं. ध्यान लागलं असतं त्यात. तुला आठावतच नसंल असं म्या धरून चालले." हातातली शेवई तशीच राहिली. "तुला ठावं हुतं व्हय गं? इतके दिस?"

मी मान हलवली. आई खाटेच्या कडेवर टेकली. माझ्या लक्षात आलं की त्या चार महिन्यांत ती किती वाळली होती, आणि मी आपली कॅलेंडरकडेच बघत बसले होते. खाटेवर मी आणि चुलीपाशी ती, एकाच शब्दाला दोघी भीत होतो, आणि दुसरीला कळू नये म्हणून दोघी गप्प.

"खोडलं का नाहीस?" मी विचारलं. "पेन्सिलच होती. बोट ओलं करून पुसलं असतं तरी गेलं असतं."

"तूच म्हणलीस न्हवं, खोडायचं न्हाई." आईने पदराने डोळे पुसले आणि शेवयांकडे वळली. "म्या खोडलं न्हाई. नुसतं जोडलं."

पोरगी मे महिन्यातच झाली, केडगावला. झाल्यावर ती रडली नाही. बायकांची धावपळ, पावलं, कुणीतरी पाठीवर थापट्या मारतंय, आणि मी छताकडे बघत होते आणि काही बोलत नव्हते, मनातसुद्धा नाही, कारण काही बोललं की झालं. मग मांजरीसारखा एक आवाज आला, बारीक, रागावलेला. दाराबाहेरून आईने विचारलं, "रडलं का?" तिचा आवाज मी तसा कधीच ऐकला नव्हता. आतली बाई म्हणाली, "रडली हो आजी."

मेचा लेख मी त्या वर्षी लिहिला नाही. तान्हं मूल हे कारण कुणालाही पटतं. पुढच्या वर्षांचं कारण कुणाला सांगितलं नाही. लिहायला बसले की आधी माझा शब्द दिसायचा, मग त्याला जोडलेलं ते निळं, आणि वाटायचं, हलवू नये. पोरीचा वाढदिवस जाऊ दे, मग बघू. वाढदिवस जायचा. आता ती पुण्याला कॉलेजात आहे, मैत्रिणींना गोल बसवून तोच खेळ खेळते, खऱ्या वीस बाजूंच्या फाशाने, आणि हसत हसत सांगते, "आई, आज मी सगळ्यांना मारून टाकलं." मी इकडे फोनवर "शुभ बोल" म्हणते. ती म्हणते, "झालं हिचं सुरू."

आई या पावसाळ्यात गेली. त्यानंतर राहूच्या घरात मी आता पहिल्यांदाच आले. कॅलेंडर ऑगस्टवर थांबलं होतं. महिना पुरता संपला नव्हता, म्हणून पान उलटायचं राहिलं. मी उलटलं नाही. खिडकी उघडली तर गुऱ्हाळाचा वास आत आला, आणि मी तिच्या खाटेवर बसून हे लिहायला घेतलं. अजून भीती वाटतेय. पोरगी आज संध्याकाळच्या गाडीने इकडे यायचीय, पोचल्याचा फोन आलेला नाही.

तौफिकभाई, मे पाठवतेय. विषय ठरला होता तोच आहे. त्यातली तीन अक्षरं माझी, अर्धं आईचं.